सत्तांतर, विचारसरणी आणि धोरण : जनता राजवट (१९७७–७९) व पुणे

नव्याने सत्तेवर आलेल्या पक्षाची विचारसरणी अंतर्गत कारभारात आणि परराष्ट्र संबंधांत कशी उतरते, हे पाहण्यासाठी भारतातले पहिले मोठे उदाहरण १९७७ चे. केंद्रात काँग्रेसेतर सरकार येण्याची ती पहिलीच वेळ. मोरारजी देसाई यांचे मंत्रिमंडळ मार्च १९७७ ते जुलै १९७९ असे सव्वादोन वर्षे टिकले. पुण्यातली बरीच माणसे या राजवटीच्या घडणीत, कारभारात आणि शेवटी मोडण्यातही होती, त्यामुळे पुण्याच्या बाजूने पाहिले की विचार आणि धोरण यांतले अंतर चांगले लक्षात येते.

जनता पक्ष ही चार-पाच प्रवाहांची मोट होती : जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेले नेते. यांतले दोन प्रवाह पुण्यात शेजारी शेजारी वाढले होते. एका मैदानावर जनसंघामागच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची शाखा भरे, दुसऱ्यावर समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाची, आणि एकाच वाड्यातली मुले दोन्हीकडे जात. एस. एम. जोशी १९६७ मध्ये आणि ना. ग. गोरे १९५७ मध्ये पुण्यातून लोकसभेवर गेलेले समाजवादी नेते. मोहन धारिया मूळचे काँग्रेसचे. जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत असे उघडपणे म्हटल्यामुळे १९७५ मध्ये त्यांना केंद्रीय राज्यमंत्रिपदावरून काढण्यात आले. १९७७ मध्ये ते पुण्यातून जनता पक्षातर्फे निवडून आले आणि वाणिज्यमंत्री झाले. त्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनीही प्रचारसभांत भाषणे केली.

या मोटेला बांधणारी दोरी विचारांची नव्हती, ती तुरुंगात वळली गेली. आणीबाणीच्या २१ महिन्यांत येरवडा कारागृहात संघाचे आणि समाजवादी कार्यकर्ते एकाच काळात मिसाबंदी, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेच्या ‘मिसा’ कायद्याखालचे कैदी, म्हणून होते. सरसंघचालक बाळासाहेब देवरसही येरवड्यातच होते. अटकेचे कारण विचारायची सोय नाही, न्यायालयाचे दार बंद, सुटकेची तारीख नाही, हा अनुभव सगळ्यांना सारखाच आला होता. म्हणूनच या सरकारचे सर्वांत ठाम आणि टिकाऊ काम याच बाबतीतले आहे. मिसा कायदा रद्द झाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द गेले आणि ‘सशस्त्र बंड’ हे आले, मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी हवा असे ठरले, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. १९८८ मध्ये पंजाबपुरता तिला अपवाद केला गेला, पण तोही पुढे रद्द झाला, आणि ही तरतूद आजही कायम आहे. प्रस्तुत लेखकाला या राजवटीची हीच खरी कमाई वाटते, आणि तिचे मोल कमी लेखले जाते याची खंतही वाटते.

महाराष्ट्रात आणीबाणीचा दुसरा चटका नसबंदीचा. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केले होते, मात्र राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. जनता सरकारने सक्ती सोडली आणि ‘कुटुंब नियोजन’ हे नावच बदलून ‘कुटुंब कल्याण’ केले. पुणे रेल्वे स्थानकाच्या परिसरात राज्य कुटुंब कल्याण कार्यालय आहे. त्या पाटीवरचा ‘कल्याण’ हा शब्द त्या वेळच्या लोकक्षोभातून आला, हे तिथून रोज जाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

आर्थिक धोरणात मात्र एकमत नव्हते. कोणाला गांधीवादी ग्रामोद्योग हवे होते, कोणाला सार्वजनिक क्षेत्र, कोणाला व्यापाऱ्यांना मोकळीक. तडजोड म्हणून डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात लघुउद्योगांना झुकते माप मिळाले. त्यांच्यासाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून ५०० च्या वर गेली आणि जिल्हा उद्योग केंद्रांची कल्पना आली. पूर्वी परवाना, कर्ज, कच्चा माल यांसाठी वेगवेगळ्या दारांशी खेटे घालावे लागत, ते एका कचेरीत आणायचे होते. पुण्याचे केंद्र शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालयाच्या आवारात आहे. भोसरी-चिंचवडला मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे उद्योजक नोंदणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या या केंद्राशी बांधलेले राहिले. राखीव वस्तूंची यादी पुढे हळूहळू आटत गेली, केंद्रे राहिली. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली, त्याची चर्चा फार होते, पण ज्या परकीय चलन नियमन कायद्याचा तिच्यावर बडगा आला तो १९७३ चा, म्हणजे काँग्रेस सरकारचाच होता.

परराष्ट्र धोरणात परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘खरी अलिप्तता’ असा शब्द वापरला. रोख सोव्हिएत संघाकडे झुकण्यावर होता. प्रत्यक्षात १९७१ चा मैत्री करार तसाच राहिला आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये मोरारजी मॉस्कोला जाऊन आले. मोरारजींचा अणुस्फोटाला मनापासून विरोध होता, तरीही अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर त्यांनी सही केली नाही. जनसंघाला इस्रायलविषयी आपुलकी होती आणि ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे भारतात आलेही, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ साल आणि काँग्रेसचे सरकार यावे लागले. फेब्रुवारी १९७९ मध्ये वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि ते दौरा आटोपता घेऊन परतले. मोठ्या सत्तांशी असलेले संबंध जुन्या करारांनी, शस्त्रखरेदीने आणि सीमांनी बांधलेले असतात. तिथे नव्या सरकारच्या हाती बोलण्याचा सूर बदलणे एवढेच राहते. गोरे त्या काळात लंडनला उच्चायुक्त होते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र या सरकारने खरोखर काही करून दाखवले. नोव्हेंबर १९७७ मध्ये गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या पाण्यावर बांगलादेशाशी करार झाला, एप्रिल १९७८ मध्ये चिनाबवरच्या सलाल धरणावर पाकिस्तानशी. १९७८ मध्येच, धारियांकडे वाणिज्य खाते असताना, व्यापार आणि पारगमन (भारतातून मालाची ने-आण) यांचे दोन वेगळे करार करावेत ही नेपाळची जुनी मागणी मान्य झाली. त्याआधी व्यापार आणि भारतीय बंदरांपर्यंतचा पारगमन मार्ग एकाच करारात होता. व्यापारात खटका उडाला की नेपाळच्या समुद्रापर्यंतच्या वाटेवरच टांगती तलवार येई.

राजवट कोसळली ती दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर. जनता पक्षात राहून संघाशी नाते ठेवता येईल का, हा प्रश्न लावून धरणारे मधू लिमये पुण्यात जन्मलेले. तुरुंगात वळलेली दोरी या प्रश्नाचा ताण सहन करू शकली नाही, आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला. नेपाळशी झालेले १९७८ चे करार मार्च १९८९ मध्ये संपले. त्या वेळच्या दिल्ली सरकारला पुन्हा एकच करार हवा होता. बहुतेक सीमानाकी बंद झाली, काठमांडूत इंधनासाठी रांगा लागल्या. डिसेंबर १९९१ मध्ये दोन्ही देशांनी सह्या केल्या त्या पुन्हा दोन वेगळ्या करारांवर.