घोड्याच्या जबड्यातलं जातं

ठाणापाशी अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे ओले बोळे पडलेले दिसले, लिदीत अख्खे हरभरे निघू लागले किंवा लगाम खेचताच घोडी एकाच बाजूला मान फेकू लागली, तर पोटाचं औषध देण्याआधी दाढा बघाव्यात.

घोड्याची दाढ उगवून थांबत नाही. तरुण घोड्याच्या हिरडीखाली 7-8 सेंटीमीटर दाढ राखीव असते. ती वर्षाला 2 ते 3 मिलीमीटर वर सरकते आणि चावताना साधारण तेवढीच झिजते. पण खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने अरुंद. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते आणि सुरीसारखी धारदार होते. माळावर चरणारा घोडा जबडा आडवा, ऐसपैस फिरवतो. इंदूरच्या लग्नसराईतली घोडी मात्र ठाणावर उभी राहून बारीक भूसा आणि हरभरे खाते. दाणा खाताना जबडा जास्त वर-खाली हलतो, आडवा कमी. कडा वाढतात, गाल सोलवटतो.

म्हणून कानस लावायची, पण किती? इथेच नवशिका चुकतो. जातं गुळगुळीत झालं की आपण त्याला टाकी लावून घेतो. घोड्याच्या दाढेची टाकी निसर्गच लावतो: कठीण एनॅमल, मऊ डेंटिन आणि सिमेंट हे दाताचे थर वेगवेगळ्या वेगाने झिजतात, म्हणून पृष्ठभाग खरखरीत राहतो. सगळी दाढ आरशासारखी सपाट केली तर दिसायला छान, पण दळण बंद. काढायची ती फक्त धारदार कड, आणि वरच्या पहिल्या व खालच्या शेवटच्या दाढेवर वाढलेलं आकड्यासारखं टोक. टोक फार मोठं असेल तर एका बैठकीत 3-4 मिलीमीटर आणि पुढचं तीन महिन्यांनी, म्हणजे दंतमज्जेला (दाताच्या आतल्या जिवंत, मऊ भागाला) मागे सरकायला वेळ मिळतो.

विजेवर चालणारी कानस काम झटपट करते आणि नुकसानही झटपट. दंतमज्जेचं तापमान 5.5 अंश सेल्सिअसने वाढलं तर ती मरू शकते. हा आकडा माकडांवरच्या जुन्या प्रयोगातला, पण घोड्यासाठीही तीच सावधगिरीची रेषा धरतात. कानस एका दाढेवर काही सेकंदच टेकवायची आणि मधूनमधून पाणी मारायचं. मेलेली मज्जा त्या दिवशी कळत नाही. कळते ती काही महिन्यांनी, एका नाकपुडीतून घाण वासाचा पू येऊ लागल्यावर, कारण वरच्या मागच्या दाढांची मुळं थेट सायनसला (कवटीतल्या हवेच्या पोकळीला) भिडलेली असतात. (नाकातला पू दिसला की आधी ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग नाही ना, याची खात्री करावी. तो माणसालाही होतो आणि सरकारला कळवणं बंधनकारक आहे.)

खरं कौशल्य तपासणीत आहे. आधी घोडा खाताना पाहायचा, गालावरून हात फिरवायचा, मग वजनाच्या अंदाजाने गुंगीचं औषध. डेटोमिडीन असेल तर किलोला 10 ते 20 मायक्रोग्रॅम. डोकं टेकूवर ठेवून तोंड धुवायचं, स्पेक्युलमने (तोंड उघडं धरणाऱ्या चौकटीने) जबडा हळूहळू उघडायचा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी मिटून विश्रांती द्यायची. स्पेक्युलम लोखंडी आणि जड असतं. गुंगीतल्या घोड्यानेही डोकं झटकलं तर समोरच्याचं कपाळ फुटतं. मग कपाळाची बॅटरी, लांब दांड्याचा आरसा, टोचणी, आणि प्रत्येक दाताची त्रायडन पद्धतीच्या तीन आकडी क्रमांकाने नोंद (पहिला आकडा जबड्याच्या बाजूचा, पुढचे दोन समोरून मोजलेल्या दाताचे). शेवटचे दोन आकडे 09 असलेल्या दाढेकडे जास्त लक्ष: ती वर्षाच्या आतबाहेर उगवते, म्हणजे कायमच्या दाढांत सर्वांत जुनी. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत खायला काही नाही, नाहीतर घास अन्ननळीत अडकतो.

एक गोष्ट मात्र कानशीच्याही आधीची. लाळ गळते, गिळता येत नाही, ही लक्षणं रेबीजचीही असतात. प्रतिबंधक लस आधीच टोचून घेतलेली नसेल तर घोड्याच्या तोंडात हात घालू नये.

हे शिकायचं कुठे? 'घोड्यांचा दंतवैद्य' अशी वेगळी पदवी आपल्याकडे नाही. वाट पशुवैद्यकाच्या पदवीतूनच जाते: बारावीला जीवशास्त्र, मग 'नीट' प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. इंदूरकरांसाठी महूचं 1955 सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अगदी जवळ आहे. पदवीत दातांचा भाग शस्त्रक्रियेच्या विषयात थोडासाच येतो. म्हणून शस्त्रक्रियेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि सुट्टीत रेसकोर्स किंवा स्टड फार्मवरच्या अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहावं. ब्रिटनमध्ये परीक्षा दिलेला तंत्रज्ञ पशुवैद्य नसतानाही कानस चालवू शकतो. ते पाहून परदेशी छोटा कोर्स करून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे इथे स्वतंत्र उपचार नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतात.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगायचं तर माळव्यात फक्त दातांवर घर चालणार नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3.4 लाखच उरले होते, म्हणजे 2012 पेक्षा 45 टक्क्यांहून जास्त घट. लंगडेपणा, पोटदुखी, प्रसूती यांसोबत दात, असा घोड्यांचा पूर्ण डॉक्टर झालं तर काम आहे. नोकरी हवी असेल तर सैन्याची रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर, पुण्या-मुंबईचे रेसकोर्स, स्टड फार्म, वीटभट्ट्यांवरच्या खेचरांसाठी काम करणाऱ्या संस्था, आणि संशोधनाची आवड असेल तर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. पहिल्या कमाईतून विजेची कानस घेऊ नये. चांगलं स्पेक्युलम, बॅटरी, आरसा आणि हाताच्या दोन कानशी पुरतात.

इंदुरात हे काम बसवायचं तर चातुर्मासात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात, घोड्या ठाणावर मोकळ्या असतात. लगामाच्या लोखंडाशी टक्कर देणारा पहिल्या दाढेपुढचा छोटा वुल्फ टूथ काढला, तर जखम भरेपर्यंत दोनेक आठवडे तोंडात लगाम घालायचा नसतो. ही सुट्टी वरातीच्या दिवसांत कुठलाच घोडीवाला देणार नाही.