सॉना आणि स्टीम रूम: घरात बसवण्याआधी हा फरक समजून घ्या

सॉना आणि स्टीम रूम या दोन्ही घाम काढायला बसायच्या गरम खोल्या, आणि जाहिरातीतले त्यांचे फोटोही सारखेच असतात. टॉवेल गुंडाळून बाकावर बसलेली माणसं, मिटलेले डोळे, ओले खांदे. विकणारेही 'सॉना-स्टीम' असं एका दमात बोलून मोकळे होतात. मग सॉना म्हणजे जरा जास्त कडक स्टीम रूम, असा आपला समज होतो. हा समज घेऊन घरात खोली बांधायला काढली तर खिशाला चाट बसतेच, शिवाय अंगाशी यायची भीती असते ती वेगळी.

आधी आकडे बघू. सॉनातली हवा साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअस तापते, पण ती कोरडी असते. आर्द्रता ५ ते २० टक्क्यांच्या आसपास. स्टीम रूमचं तापमान ४० ते ५० अंशांपर्यंतच जातं, मात्र आर्द्रता जवळजवळ १०० टक्के. नुसतं तापमान पाहिलं तर सॉना दुप्पट जहाल वाटेल. अंगाला मात्र तसं वाटत नाही, कारण अंग थर्मामीटरवर चालत नाही, घामावर चालतं.

एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना शरीरातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जातो. सॉनातल्या कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो, म्हणून ८५ अंशांतही माणूस दहा मिनिटं आरामात बसू शकतो. स्टीम रूममध्ये हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. घाम येतो, पण वाळायला जागाच नसते. उलट त्या खोलीत तुमची त्वचा हवेपेक्षा थंड असल्यामुळे वाफ तिच्यावरच येऊन पाणी होते आणि पाणी होताना आपली उष्णता अंगात सोडते. म्हणजे एका खोलीत घाम तुम्हाला गार करतो आणि दुसरीत गार होण्याची ती वाटच बंद असते. स्टीम रूममध्ये कोपरावरून जे पाणी ठिबकतं, ते सगळं आपल्याच घामाचं आहे असं समजून खूश होऊ नका; त्यातलं बरंचसं वाफेचं असतं. 'किती घाम निघाला' या मोजमापाला म्हणूनच काही अर्थ नाही. तसंही घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि काट्यावर कमी दिसलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं.

आता खरी गोंधळाची जागा. सॉनातही पाणी असतंच. हीटरवर रचलेल्या तापल्या दगडांवर लाकडी पळीने थोडं पाणी टाकायचं, ही तर सॉनाची खरी गंमत. फस्स आवाज होतो, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग छताकडून उतरलेली गरम लाट आधी कानांच्या पाळ्यांना आणि मग खांद्यांना चटका देते. या वेळी थर्मामीटर पाहिला तर काटा फारसा हललेला नसतो. तापमान तेच, पण दमटपणा वाढला की अंगात शिरणारी उष्णता एकदम वाढते.

याचं टोक कुठे जातं, हे २०१० साली दिसलं. फिनलंडमधल्या हेइनोला शहरात सॉनामध्ये जास्तीत जास्त वेळ कोण बसतो, याची जागतिक स्पर्धा भरायची. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत सुरुवातीचं तापमान ११० अंश होतं आणि दगडांवर दर ३० सेकंदांनी अर्धा लिटर पाणी पडत होतं. शेवटचे दोघे भाजून कोसळले, त्यांतला एक दगावला. स्पर्धा कायमची बंद झाली. एकूण ५५ लाख लोकवस्तीच्या ज्या देशात अंदाजे ३० लाख सॉना आहेत आणि ज्यांच्या सॉना परंपरेला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, त्या देशातली ही गोष्ट. घरात पैजा लावून बसणाऱ्या मंडळींनी ती लक्षात ठेवावी.

बांधकामाचे नियमही याच फरकातून येतात, आणि ते जवळपास एकमेकांच्या उलट आहेत. सॉनाला आतून मऊ, हलकं, राळ न गळणारं लाकूड लागतं. लाकूड उष्णता हळू वाहून नेतं, म्हणून ९० अंशांतही बाकावर उघड्या अंगाने बसता येतं. त्याच बाकातल्या खिळ्याचं डोकं वर राहिलं तर मात्र मांडी भाजते. खिळे आत दाबलेले आहेत ना, हे हात फिरवून बघा. अंगठ्या, साखळ्याही बाहेर काढून ठेवा. सॉनाला हवा खेळती लागते: हीटरजवळ हवा आत येण्याची वाट, समोरच्या बाजूला बाहेर जाण्याची. स्टीम रूम याउलट डबीसारखी बंद हवी. भिंती, छत, दार सगळीकडून वाफ अडवणारा थर, त्यावर टाइल किंवा दगड, खाली पाण्याचा निचरा. छत थोडं उतरतं घ्यावं लागतं, नाहीतर वर जमलेलं पाणी थेंबाथेंबाने डोक्यावर पडत राहतं. 'सॉनाच्याच खोलीत वाफेचं यंत्र बसवून देतो' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खास दोन्हींसाठी बनवलेल्या केबिन असतात, पण साध्या सॉनाचं लाकूड वाफेने कुजतं आणि भिंतीच्या पोटात शिरलेली ओल फार उशिरा कळते.

बाजारात 'इन्फ्रारेड सॉना' म्हणून तिसरं एक प्रकरण विकलं जातं. त्यात दगड नाहीत, वाफ नाही. पॅनेलमधून निघणारी किरणं थेट अंग तापवतात आणि हवा साधारण ४५ ते ६० अंशांवरच राहते. वाईट नाही, पण वर सांगितलेला सॉना तो नव्हे. सॉनाच्या फायद्यांचे दाखले त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असतात. त्यांतला प्रसिद्ध दाखला फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या निरीक्षणाचा आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये अचानक हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. तो पारंपरिक सॉनाचा अभ्यास होता आणि निरीक्षणच होतं. सॉनामुळेच आयुष्य वाढलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

विजेच्या बाबतीत दोन्ही सारखेच हावरट. सॉनाच्या हीटरला खोलीच्या दर घनमीटरमागे अंदाजे एक किलोवॉट धरतात, काचेची भिंत असेल तर त्याहून जास्त. सहा किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर २६ ॲम्पिअर ओढतो. हे साध्या प्लगचं काम नव्हे. मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप बंद पडणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेलं संरक्षण, हे सगळं जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. हीटरपासून लाकडाचं अंतर किती हवं, तेही त्याच पुस्तिकेत असतं. घरच्या सॉनातल्या आगीचं एक नेहमीचं कारण अगदी साधं आहे: हीटरवर वाळत टाकलेला टॉवेल. स्टीम रूममध्ये आगीपेक्षा भीती असते ती तोटीची. तिच्यातून बाहेर पडणारी वाफ १०० अंशांजवळ असते, म्हणून तोटी जमिनीलगत, पण पायांपासून दूर आणि आडोशामागे हवी. सॉना असो वा स्टीम रूम, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं आणि त्याला कडी नसावी.

बसायचं किती? सॉनात दहा-पंधरा मिनिटं, स्टीम रूममध्ये सुरुवातीला दहाच्या आत. डोकं हलकं वाटलं तर घड्याळ न बघता बाहेर. उठताना एकदम उठू नका, कारण रक्तवाहिन्या पसरून रक्तदाब उतरलेला असतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत अधूनमधून दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, ताप असेल, तर दोन्ही नकोच. गर्भवतींनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बसू नये. दारू पिऊन बसणं सगळ्यात वाईट: भानही जातं आणि तोलही. आणि मोबाइल बाहेर ठेवा, त्याची बॅटरी या उष्णतेसाठी बनवलेली नसते.

माझं मत विचाराल तर घरासाठी सॉना कमी कटकटीचा. वापरून झाल्यावर दार उघडं ठेवलं की तो स्वतःच वाळतो. दगड मात्र वर्षातून एकदा काढून, फुटलेले टाकून, मध्ये हवेला जागा ठेवून पुन्हा रचावे लागतात. नदीतले गोटे वापरू नका, त्यांच्या पोटात पाणी असेल तर ते तापून फुटतात. सुगंधी तेल थेट दगडांवर ओतू नका, ते पेट घेतं. स्टीम रूम घ्यायचीच असेल तर आधी घरचं पाणी तपासा. जड पाण्याचा क्षार यंत्राच्या टाकीत आणि तापकाच्या नळीवर बसत जातो. म्हणून टाकी आपोआप रिकामी करणारंच यंत्र घ्या, आणि क्षार काढायला माणूस किती दिवसांनी येईल, ते पावतीवरच लिहून घ्या.