दहा लाख आभासी मुंबईकर, तरी उत्तर पक्कं नाहीच
‘कॉम्प्युटरवर दहा लाख आभासी मुंबईकर जन्मापासून मरणापर्यंत चालवले, म्हणजे मधुमेहाचा अंदाज पक्का!’ हा समज जुना आहे आणि चुकीचा. माणसं 100 पट वाढवली की योगायोगाचा चढउतार तेवढा 10 पट कमी होतो, बस. दरवर्षी किती जणांना मधुमेह जडतो हा मॉडेलमध्ये, म्हणजे या आभासी माणसांच्या कॉम्प्युटरी हिशेबात, घातलेला आकडाच डळमळीत असेल, तर उत्तरही डळमळीतच. काटाच खोटा, तर शंभरदा तोलून काय मिळणार? (दादरच्या भाजीबाजारात हे कुणाला समजवावं लागत नाही.) म्हणून असे आकडे दर फेरीला त्यांच्या शक्य पल्ल्यातून नव्याने उचलतात आणि अख्खं मॉडेल हजारदा चालवतात. मग एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा हाती येतो. मॉडेलची रचनाच, म्हणजे कशामुळे काय होतं याची मांडणीच, चुकली असेल तर मात्र तो पट्टाही फसवा. त्यासाठी वेगळ्या रचनेचं मॉडेल बांधून ताडून पाहावं लागतं.