स्कॉटिश पुस्तकांची ‘सदोष’ प्रत परत पाठवण्यापूर्वी

आमच्याकडून स्कॉटिश पुस्तके नेणाऱ्या वाचकांची संख्या वाढते आहे, याचा आनंद आहे. परंतु परत येणाऱ्या प्रतींपैकी बहुतेकींवर ‘छपाई चुकली आहे’ एवढाच शेरा असतो आणि तपासल्यावर ती प्रत जशी असायला हवी तशीच निघते.

सर्वाधिक वेळा परत येते ती अ‍ॅलस्डेअर ग्रे यांची ‘लॅनार्क’ (१९८१) ही कादंबरी. ती उघडताच ‘खंड तिसरा’ हा मथळा समोर येतो, त्यानंतर पूर्वकथन, पहिला आणि दुसरा खंड व शेवटी चौथा; उपसंहार तर कादंबरी संपण्याच्या बराच आधी येतो. बांधणीत फर्मे (एकत्र दुमडलेल्या छापील पानांचे गठ्ठे) उलटसुलट झाले असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु हा क्रम लेखकानेच ठरवलेला आहे. अशा वेळी कृपया फक्त पृष्ठक्रमांक पाहावेत. ते सलग असतील तर प्रत निर्दोष आहे. ते तुटत असतील तर प्रत आम्ही स्वखर्चाने बदलून देऊ.

दुसरी तक्रार स्पेलिंगची असते. अर्विन वेल्श यांच्या ‘ट्रेनस्पॉटिंग’मध्ये (१९९३) एडिनबरोच्या लीथ भागातील तरुण ‘आय’ऐवजी ‘आह’ म्हणतात आणि पुस्तकात ते तसेच छापलेले आहे. एका ग्राहकाने पहिल्या पंचवीस पानांवरील असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून प्रत परत पाठवली होती. मालवणी किंवा अहिराणी संवादांना आपण शुद्धलेखनाच्या चुका म्हणत नाही. तोच न्याय स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेलाही लावावा. फसवे शब्द मात्र आहेत. ‘ग्रीट’ म्हणजे तेथे अभिवादन करणे नव्हे, तर रडणे. हे माहीत नसल्याने कथेतील आई रात्रभर कोणाचे स्वागत करते आहे, असे आम्हाला फोनवर विचारले गेले आहे. लहान मुलाला ग्लासगोकडे ‘वेन’ म्हणतात, तर पूर्व किनाऱ्याकडे ‘बेअर्न’.

लुइस ग्रॅसिक गिबन यांच्या ‘सनसेट साँग’ची (१९३२) शब्दार्थसूची असलेली आवृत्तीच आम्ही ठेवतो. ती थोडी महाग पडते, हे मान्य आहे. परंतु ईशान्य स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांची बोली सूचीशिवाय वाचायला दिली, तर ते पुस्तक आठवड्याभरात आमच्याकडे परत येते, असा आमचा अनुभव आहे. त्यात संवाद अवतरणचिन्हांऐवजी तिरप्या अक्षरांत आहेत, हेही येथेच सांगून ठेवतो.

नव्या वाचकांनी सुरुवात म्युरिएल स्पार्क यांच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी’पासून (१९६१) करावी, असे आम्ही सुचवतो, १९३०च्या दशकातील एडिनबरोच्या मुलींच्या शाळेची ही कथा छोटी आहे आणि तिची इंग्रजी स्वच्छ आहे. डोंगर चढणाऱ्यांना आम्ही नॅन शेपर्ड यांचे केर्नगॉर्म पर्वतावरील ‘द लिव्हिंग माउंटन’ देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेले हे पुस्तक १९७७मध्ये प्रसिद्ध झाले आणि शिखर गाठण्याची घाई त्यात कुठेच नाही. अलीकडचे काही हवे असल्यास ग्रेम मॅक्रे बर्नेट यांचे ‘हिज ब्लडी प्रोजेक्ट’ (२०१५) घ्यावे, मात्र जुन्या कागदपत्रांच्या रूपातील तो खुनाचा खटला काल्पनिक आहे. त्यानंतर १९८०च्या दशकातील ग्लासगोत घडणारी, २०२०चे बुकर मिळवलेली डग्लस स्टुअर्ट यांची ‘शगी बेन’ जड जात नाही. स्टीव्हन्सनचे ‘किडनॅप्ड’ मागवताना संपूर्ण की संक्षिप्त, एवढे अवश्य कळवावे.

बाहेरून मागवलेली प्रत पोहोचायला काही आठवडे लागतात, म्हणूनच मागणी नोंदवण्यापूर्वी दुकानातील प्रतीची चार पाने वाचून पाहण्याचा आम्ही आग्रह धरतो. बाहेरगावच्या ग्राहकांना त्या पानांची छायाचित्रे पाठवली जातील. नेहमीच्या चाळीस स्कॉट्स शब्दांचे अर्थ छापलेली पट्टी प्रत्येक पुस्तकासोबत विनामूल्य मिळते.

‘ट्रेनस्पॉटिंग’ची वर उल्लेखिलेली प्रत निम्म्या किमतीत उपलब्ध आहे, सव्विसाव्या पानापासून ती कोरी आहे.