बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी टेनपिन बोलिंग: ट्रेनिंग आणि स्पर्धा

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींना आणि मोठ्या माणसांना टेनपिन बोलिंग (लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड बॉल गडगडवत सोडून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ) शिकवणं, त्यांचा नियमित सराव घेणं आणि त्यांच्यासाठी रीतसर स्पर्धा भरवणं हे काम आज बऱ्याच देशांत चालतं, आणि त्यातलं बरंचसं स्पेशल ऑलिंपिक्स या संघटनेच्या नियमांनी चालतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी ही चळवळ उभी केली, तिची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २० जुलै १९६८ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाली आणि पुढे जे खेळ त्यात आले त्यात बोलिंग चांगलंच रुजलं. २०१५ लॉस एंजेलिस, २०१९ अबुधाबी, २०२३ बर्लिन या तिन्ही उन्हाळी जागतिक स्पर्धांत बोलिंग होतं. स्पर्धेत उतरायला वय किमान ८ वर्षं लागतं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे साठी ओलांडलेले खेळाडूही लेनवर उभे असतात. खेळाडूकडून फी घेत नाहीत.

या सगळ्या कामाचा गाभा एकच आहे आणि नवीन लोकांचं नेमकं तिथेच चुकतं. बॉल खेळाडूनेच टाकायचा असतो. कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं, कधी सोडायचा हे त्याने ठरवायचं. मदत भरपूर करता येते, पण ती या निर्णयाच्या अलीकडेच थांबली पाहिजे. रॅम्पचे (बॉल ढकलायच्या उतरत्या चौकटीचे) नियम, गट पाडायची पद्धत, ट्रेनिंग, सगळं या एका गोष्टीभोवती बांधलेलं आहे.

हाच खेळ का

बोलिंगमध्ये कोणी अंगावर धावून येत नाही, बॉल समोरून येत नाही, आपली पाळी आली की आपण जायचं आणि आपल्या वेगाने टाकायचं. लेन कुठेही गेलं तरी तीच, फाऊल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडूनच बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पुढच्या पिनपर्यंत ६० फूट, दहा पिना, प्रत्येक पिन १५ इंच उंच. जागा नवी असली तरी खेळ ओळखीचा राहतो आणि ज्यांना बदल झेपत नाही त्यांच्यासाठी हे फार मोठं असतं. शिवाय निकाल लगेच दिसतो, पिना पडल्या की पडल्या, कुणी समजावून सांगायची गरजच नाही.

पण या सोपेपणामुळेच बरेच लोक याला खेळ न मानता सहल समजतात, म्हणजे महिन्यातून एकदा मुलांना घेऊन जायचं, दोन गेम खेळवायचे, फोटो काढायचे आणि घरी. मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही, पण याला ट्रेनिंग म्हणता येत नाही. सुधारणा व्हायची असेल तर ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि लिहून ठेवलेले स्कोअर लागतात, आणि स्पर्धेआधी साधारण आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखतात.

ट्रेनिंग

सुरुवात लेनवर करू नये असं बहुतेक अनुभवी कोच सांगतात. हॉलमध्ये प्लास्टिकच्या पिना आणि हलका बॉल घेऊन आधी फक्त हात मागे-पुढे झुलवायला आणि बॉल जमिनीलगत सोडायला शिकवायचं. नवीन खेळाडू बॉल वरून आपटतो, त्याला लॉफ्टिंग म्हणतात, याने लेनही खराब होते आणि दिशाही जाते, आणि याचं कारण बहुतेक वेळा बॉल जड असणं किंवा अंगठ्याचं भोक घट्ट असणं हे असतं, खेळाडूला समजत नाही म्हणून नव्हे. आधी बॉल तपासा, मग खेळाडूला बोला.

बॉलची निवड घाईत होते आणि सगळा महिना बिघडवते. बॉल ६ ते १६ पाउंडांत मिळतात. शरीराच्या वजनाच्या साधारण एक दशांश हा ढोबळ हिशोब सगळीकडे सांगतात, पण डाऊन सिंड्रोम असलेल्या खेळाडूंचे स्नायू बऱ्याचदा सैल असतात, पकड कमजोर असते, सांधे जास्त वाकतात, तिथे हा हिशोब बाजूला ठेवून एक-दोन पाउंड खालीच यावं. बोटांत ताकद कमी असेल तर वर स्प्रिंगचं हँडल असलेला बॉल मिळतो, हात सुटला की हँडल आत जातं आणि बॉल नेहमीसारखा गडगडत जातो.

बॉल रिटर्नवरून, म्हणजे टाकलेले बॉल जिथे परत येतात तिथून, बॉल उचलणं हा पहिल्याच दिवशी शिकवायचा धडा आहे, कारण सगळ्यात जास्त बोटं तिथेच चेंगरतात. एक हात दोन बॉलच्या मध्ये घातला आणि मागून तिसरा बॉल येऊन धडकला की झालं. येणाऱ्या बॉलकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही हात बॉलच्या बाहेरच्या बाजूंना, म्हणजे जिकडून दुसरा बॉल येणार नाही तिकडे लावायचे, दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायचा आणि मगच बोटं भोकांत घालायची. हे चार टप्पे बॉल न टाकता नुसते उचलून-ठेवून करून घ्यावेत, कंटाळा येईपर्यंत.

मग पावलं. चार पावलांची चाल पुस्तकात छान दिसते पण सगळ्यांना ती द्यायची गरज नाही. एका जागी उभं राहून टाकणं, मग एक पाऊल, आणि जमलं तर चार. ज्याचा तोल डळमळतो त्याने आयुष्यभर उभ्यानेच टाकलं तरी त्याची सरासरी वाढू शकते. सूचना लहान असाव्यात आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. हात पुढे कुठे थांबवायचा हे सांगायला 'शेकहँड' एवढा एकच शब्द पुरतो, म्हणजे शेकहँड करायला हात पुढे नेतो तसा नेऊन सोडायचा. एक कोच शेकहँड म्हणतो, दुसरा मनगट सरळ म्हणतो, पालक मागून जोरात टाक म्हणतात, यात खेळाडू गोंधळतो आणि मग आपणच म्हणतो की याला लक्षात राहत नाही! करून दाखवणं सांगण्यापेक्षा केव्हाही बरं, आणि हाताला धरून करून घेणं सगळ्यात शेवटी, आधी परवानगी विचारून.

नेम पिनांवर धरू देऊ नये, ६० फूट फार लांब आहे. लेनवर सात बाण असतात, फाऊल लाइनपासून साधारण १५ फुटांवर, तिथे बघून टाकायला शिकवायचं. उजव्या हाताच्या खेळाडूला उजवीकडून दुसरा बाण देतात. बाण लक्षात येत नसेल तर सरावात कोच त्याच रेषेत लेनच्या बाहेर वाकून बोट दाखवतो किंवा अप्रोचवर, म्हणजे फाऊल लाइनच्या अलीकडच्या पावलं टाकायच्या जागेत, पाय ठेवायच्या जागी रंगीत पट्टी चिकटवतो, फक्त त्यासाठी बोलिंग सेंटरच्या माणसाला आधी विचारावं, आणि लेनवर पाय ठेवू नये कारण तिथे तेल असतं आणि बुटाला लागलेलं तेल पुढच्या खेळाडूला पाडू शकतं.

गटरच्या (लेनच्या कडेच्या खाचेच्या) बाजूला उभे राहणारे बंपर, म्हणजे बॉल अडवणारे कठडे, सुरुवातीला वापरले तरी चालतात, पण त्यांची सवय लागली की खेळाडू आपटून-आपटून पिनांपर्यंत पोचायला शिकतो आणि स्पर्धेत बंपर खाली गेले की सगळा धीर जातो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर सोडवावेत. गटरमध्ये बॉल जाणं हाही खेळाचाच भाग आहे.

तब्येतीचं पण बघावं लागतं. खेळाडूचा मेडिकल फॉर्म भरलेला असल्याशिवाय सराव नाही. फिट्स येत असतील तर रंगीत चमकणाऱ्या दिव्यांच्या वेळेत बुकिंग करू नये. आवाज सहन होत नसेल तर कानावर हेडफोन चालतात, बोलिंग सेंटर हा गोंगाटाचा प्रकार आहे, पिनांचा आवाज, संगीत, शेजारच्या लेनवरची आरडाओरड सगळं एकदम. आणि डोळे तपासलेले असावेत, अनेक खेळाडूंना चष्म्याची गरज असते आणि ते कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. स्पेशल ऑलिंपिक्सने १९९७ पासून हेल्दी अॅथलीट्स हा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, त्यात डोळ्यांचीही तपासणी असते. देखरेखीसाठी ठरलेलं प्रमाण चार खेळाडूंमागे एक जबाबदार मोठा माणूस असं आहे.

रॅम्प

ज्यांना बॉल हातात धरून टाकता येत नाही, व्हीलचेअरवर आहेत किंवा हातांवर ताबा नाही, त्यांच्यासाठी रॅम्प असतो. घसरगुंडीसारखी ही चौकट फाऊल लाइनच्या मागे ठेवतात, वर बॉल ठेवायचा आणि खेळाडूने ढकलायचा. स्पर्धेत याचे दोन प्रकार आहेत. विनासाहाय्य प्रकारात खेळाडू स्वतः रॅम्पची दिशा लावतो आणि स्वतः बॉल सोडतो. साहाय्य प्रकारात मदतनीस रॅम्प हलवतो, पण खेळाडू सांगेल तसाच, शब्दाने, बोटाने, नजरेने, मानेने, जसं जमेल तसं.

मदतनिसाची पाठ सतत पिनांकडे असली पाहिजे. त्याला पिना दिसताच कामा नयेत! खेळाडू डावीकडे बघतो, मदतनीस रॅम्प थोडा डावीकडे सरकवतो आणि परत त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, अजून? मान हलते, अजून थोडा. मग खेळाडू थांबतो, आणि बॉल सोडतो. कोपऱ्यातली एक पिन उरलेली असेल आणि खेळाडूने रॅम्प मधोमध लावायला सांगितला तर मधोमधच लावायचा, बॉल वाया गेला तरी. पालक मदतनीस असतील तर हे पाळणं फार अवघड जातं, म्हणून शक्यतो दुसऱ्या कोणाला उभं करावं. बॉलला शेवटचा धक्का खेळाडूचाच असावा लागतो.

रॅम्पवाल्यांचे गट वेगळे असतात, हाताने टाकणाऱ्यांबरोबर त्यांना खेळवत नाहीत. प्रत्येक फ्रेमला (गेममधल्या दहा पाळ्यांपैकी एका पाळीला) खुर्ची आणि रॅम्प आत-बाहेर करण्यात वेळ आणि दम दोन्ही जातात, म्हणून त्यांना लागोपाठ तीन फ्रेमपर्यंत टाकू देतात.

गट पाडणं

स्पर्धेची बरी-वाईट तयारी खरं तर इथेच ठरते. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये याला डिव्हिजनिंग म्हणतात. आधी स्त्री-पुरुष, मग वय (८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २९, ३० आणि पुढे) आणि मग क्षमता. एका गटात किमान तीन आणि जास्तीत जास्त आठ. गटातल्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात कमी खेळाडूत फार फरक नसावा, त्यासाठी साधारण १५ टक्क्यांचा अंदाज धरतात, पण तो अंदाजच आहे, खेळाडू कमी असतील तर वयाचे किंवा स्त्री-पुरुष गट एकत्र करावे लागतात.

बोलिंगमध्ये क्षमता म्हणजे एका गेममागच्या स्कोअरची सरासरी, आणि ती खरी असली पाहिजे. दोन-चार गेमवर काढलेली सरासरी काही सांगत नाही, किमान १५ गेमची असावी. इथे काही कोच चलाखी करतात, सरासरी मुद्दाम कमी कळवतात म्हणजे आपला खेळाडू सोप्या गटात जाईल आणि मेडल घेऊन येईल. हे चूक आहे आणि त्यात नुकसान त्याच गटातल्या बाकीच्यांचं होतं, ज्यांनी महिनोनमहिने सराव करून ९० वर सरासरी आणली आणि ज्यांच्यासमोर १३० वाला उभा केला जातो. नियमांत प्रामाणिक प्रयत्नाची अट आहे, प्राथमिक फेरीत मुद्दाम खराब खेळलेल्याला बाद करता येतं.

दुहेरी आणि सांघिक प्रकारात हँडिकॅप येतो. एक आधाररेषा ठरवतात, समजा २००, आणि खेळाडूची सरासरी ८० असेल तर शंभर टक्के हँडिकॅपने, म्हणजे पूर्ण फरक धरून, त्याला प्रत्येक गेमला १२० गुण वरून मिळतात. मग कमकुवत खेळाडू जोडीदारावर ओझं राहत नाही, त्या दिवशी तो स्वतःच्या सरासरीपेक्षा वर खेळला तर सामना तोच जिंकून देतो.

पहिल्या तिघांना मेडल, चौथ्या ते आठव्याला रिबन. वरच्या पातळीवर पाठवायचं असेल आणि जागांपेक्षा गोल्डवाले जास्त असतील तर चिठ्ठ्या काढतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रत्येक गटाचं गोल्ड सारखंच मोलाचं मानायचं ठरवल्यावर सगळ्यात जास्त स्कोअरवालाच पुढे जाणार हे बसतच नाही. माझ्या मते या पद्धतीतला हा सगळ्यात धाडसी नियम आहे.

स्पर्धेचा दिवस

एका खेळाडूला एका गेमला साधारण दहा मिनिटं धरावीत, त्यामुळे एका लेनवर चार जण असतील तर तीन गेमला दोन तास आरामात जातात, आणि रॅम्पच्या लेनला त्याहून जास्त. म्हणून रॅम्पच्या लेन एका टोकाला घ्याव्यात, येण्याजाण्याच्या वाटेजवळ. बूट आणि बॉल यांची यादी आधीच सेंटरला द्यावी, सकाळी काउंटरवर रांग लागली की अर्धे खेळाडू खेळायच्या आधीच वैतागतात. स्कोअर मशीन मोजतं, तरी प्रत्येक लेनवर कागदावर लिहिणारा एक माणूस हवाच, मशीन अडकतं किंवा पिन अर्धवट उचलली जाते तेव्हा त्याच कागदाचा आधार.

लेनच्या मागे पालकांची गर्दी होऊ देऊ नये. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण बॉल हातात असताना सूचना नकोत. कोचलाही हेच लागू. आणि बक्षीस समारंभ प्रत्येक गट संपला की लगेच करावा, शेवटपर्यंत थांबवून ठेवलं तर सकाळच्या गटातले खेळाडू चार तास नुसते बसून राहतात.

युनिफाइड आणि पुढचं

१९८९ पासून युनिफाइड स्पोर्ट्स हा प्रकार आहे, त्यात दिव्यांग खेळाडू आणि बिगर-दिव्यांग पार्टनर एकाच टीममध्ये खेळतात. बोलिंगला हे चांगलं जमतं, हँडिकॅप असल्यामुळे पार्टनरने सगळी टीम खेचायची वेळ येत नाही. पार्टनर निवडताना फार चांगला बोलर शोधू नये, वय आणि स्वभाव जुळणारा शोधावा.

बरेच खेळाडू पुढे सेंटरच्या नेहमीच्या लीगमध्येही खेळू लागतात. त्यासाठी कोचने सरासरीची वही नीट ठेवावी आणि खेळाडूला स्वतःची सरासरी तोंडपाठ करून द्यावी, कारण लीगमध्ये नाव घालताना पहिला प्रश्न तोच येतो आणि उत्तर त्यानेच द्यायचं असतं.