शरदातील जलाशय मासेमारी (नागपूर जिल्हा)

पाऊस ओसरल्यापासून कार्तिक सरेपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात, नागपूर जिल्ह्यातील मोठ्या जलाशयांत आणि जुन्या मालगुजारी (म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातील) तलावांत होणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. पेंच नदीवरील नवेगाव खैरी, रामटेकजवळचा खिंडसी आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे कुही तालुक्यात आंभोऱ्याकडे पसरलेले पाणी ही तिची मोठी क्षेत्रे. परंपरेने हा धंदा ढीवर, भोई आणि केवट समाजांचा. आज तो बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांनी घेतलेल्या ठेक्यावर चालतो.

काठोकाठ भरलेला तलाव पाहिला की मासळीचा सुकाळ असेल असे वाटते, पण तसे नसते. उन्हाळ्यात पाणी आटते, मासळी उरल्यासुरल्या डोहात गोळा होते आणि जाळे लवकर भरते. शरदात तीच मासळी कितीतरी पट पाण्यात विखुरलेली असते. त्यामुळे या दिवसांत खोल पाण्यात जाळे पसरण्यापेक्षा काठ ओळखणे महत्त्वाचे ठरते. नुकतीच बुडालेली गवताळ जमीन, बेशरमीची झुडपे, ओढा जिथे तलावाला मिळतो ते तोंड अशा उथळ जागी कुजणाऱ्या पाल्यावर किडे आणि शेवाळ वाढते, आणि मासा तिथेच चरायला येतो. पुढे रब्बीसाठी कालवे सुटून पाणी उतरू लागले, की तो जुन्या नदीपात्राकडे सरकतो. जलाशयाखाली बुडालेली नदी, नाले आणि शेतांचे बांध कुठे आहेत हे ज्याला ठाऊक, त्याचे जाळे रिकामे येत नाही. या ज्ञानाचा नकाशा कुठेही काढलेला नाही. ते धरण होण्याआधी तिथे वावरलेल्या म्हाताऱ्यांकडून पुढच्या पिढीकडे येते, आणि म्हणून ते फार मोलाचे आहे.

पाण्याचा स्वभावही या दिवसांत बदलतो. ऑक्टोबरचा उन्हाळा दिवसा वरचा थर तापवतो; खालचे पाणी थंड आणि प्राणवायूला पारखे असते. रात्री गार होऊ लागल्या की वरचे पाणी जड होऊन खाली बसते आणि दोन्ही थर मिसळतात. उष्ण प्रदेशातील तलावात यासाठी थोडी थंडीही पुरते. ३० अंशांवरून २९ वर उतरताना पाण्याची घनता जेवढी वाढते, ती १० वरून ९ वर उतरताना होणाऱ्या वाढीच्या तिपटीहून जास्त असते. खालचे निकृष्ट पाणी असे अचानक वर आले, किंवा ढगाळ आणि वारा पडलेले दिवस लागले, की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. त्यांना पकडणे सोपे असले तरी जाणते मच्छीमार याला तलाव आजारी असल्याची खूण मानतात.

मुख्य मासळी कटला, रोहू आणि मृगळ. वर वळलेल्या तोंडाचा कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून जाळे किती खोल सोडायचे हे हव्या त्या माशावर ठरते. त्याशिवाय सायप्रिनस (कॉमन कार्प), मरळ, वाम आणि झिंगे मिळतात. मरळ हवेतूनही श्वास घेते आणि पिलांची राखण करते. पृष्ठभागावर पिलांचा लालसर थवा दिसला तर त्याखाली जोडी असते. ती जोडी मारली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. अशी जोडी सोडून देणेच योग्य.

तरंगते जाळे संध्याकाळी लावून पहाटे उचलतात. वर थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या, खाली वजन, आणि मधे माशाचे डोके शिरेल पण कल्ले अडकतील एवढा आस, म्हणजे जाळ्याचे भोक. ये-जा डोंग्यातून, नाहीतर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून. काठावर मात्र फेकजाळे चालते. त्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळ्याचा एक पदर कोपरावर घेतात, उरलेले दोन्ही हातांत विभागतात आणि कमरेतून गिरकी घेऊन फेकतात. जाळे हवेतच गोल उघडते, कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यात पडतात आणि तळाला टेकताच घेर मिटतो. दोरी घाईने ओढली तर कड उचलली जाते आणि खालून मासा निसटतो.

नेमक्या याच काळात पाण्यात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिले, असतात. कटला, रोहू आणि मृगळ वाहत्या पाण्यात पावसाळ्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण आपोआप होत नाही. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीजाचा प्रश्न सुटला. पावसाळ्यात सोडलेले बीज शरदात जेमतेम बोटभर झालेले असते. त्यावर मच्छरदाणीचे जाळे ओढणे म्हणजे संस्थेने विकत घेतलेले पुढच्या वर्षीचे उत्पन्नच काढून नेणे. या धंद्याचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

बाजाराचे गणित वेगळे. पितृपक्ष आणि नवरात्रात मागणी पडते, दसऱ्यानंतर चढते. नागपुरात भोईपुऱ्याचा मच्छीबाजार जुना. अनेक ढीवर कुटुंबे याच दिवसांत तलावातला शिंगाडाही काढतात. मासळी कमी लागली तर घर त्यावर चालते.

हक्कांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि मच्छीमार ठेकेदार झाला. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आता नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे त्याच जलाशयात उतरते आणि त्याचा फटका आधी मासळीला बसतो. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशयाचा महाराष्ट्रातील भाग पेंच राष्ट्रीय उद्यानात असल्याने तिथे मासेमारीला बंदी आहे. मध्य प्रदेशाने याच जलाशयातील मासेमारीसाठी आदिवासींना दिलेल्या ३०५ परवान्यांच्या वादाचा निकाल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायालयाने परवाने रद्द न करता छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेलीच वाट आणि काठावर विस्तव न पेटवणे अशा अटी घातल्या. नागपूरहून गळ घेऊन निघणाऱ्या हौशी माणसाने तोतलाडोहचा नाद सोडावा आणि इतर जलाशयांवर जायचे तर तिथे ठेका असलेल्या संस्थेची परवानगी आधी घ्यावी.