फंक्शनल लॉजिक भाषेत टाइप क्लासची अंमलबजावणी

करी ही फंक्शनल लॉजिक भाषा, म्हणजे फंक्शनांचे आणि तर्काचे (लॉजिक) प्रोग्रॅमिंग एकत्र आणणारी भाषा. तिच्यात एकाच पदाची (एक्स्प्रेशनची) अनेक उत्तरे निघू शकतात. म्हणून हॅस्केल या फंक्शनल भाषेतले टाइप क्लास, म्हणजे एकाच नावाची प्रत्येक टाइपसाठी (मूल्यांच्या प्रकारासाठी) वेगळी व्याख्या देण्याची सोय, तिच्या कंपायलरमध्ये जसेच्या तसे बसत नाहीत.

मूळ पद्धत फिलिप वॅडलर व स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडली. क्लासची डिक्शनरी (खान्यांची नोंद) होते, क्लासने जाहीर केलेल्या प्रत्येक नावाला, म्हणजे मेथडला, तिच्यात एक खाना मिळतो आणि इन्स्टन्स, म्हणजे एखाद्या टाइपसाठी दिलेल्या मेथडांच्या व्याख्या, ही भरलेली डिक्शनरी. क्लासची अट असलेल्या फंक्शनला कंपायलर डिक्शनरीचे जादा आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचे मूल्य) जोडतो. हे टाइप तपासणीनंतरच करता येते. पुढे कंपायलर प्रोग्रॅमला फ्लॅटकरी हे मधले रूप देतो, त्यात क्लास उरतच नाहीत.

खरी अडचण आर्ग्युमेंट नसलेल्या मेथडची. सांगलीच्या मार्केट यार्डातला माल घ्या. ‘माल’ टाइपची मूल्ये दोन: हळद आणि बेदाणा. ‘नमुना’ क्लासची एकच मेथड ‘कोणताही’; मालासाठी तिची व्याख्या ‘हळद ? बेदाणा’, म्हणजे दोन्हींपैकी एक. ‘जोडी’ हे सर्व टाइपांना चालणारे फंक्शन [कोणताही, कोणताही] ही यादी देते. दोन्ही उल्लेख स्वतंत्र आहेत, तेव्हा उत्तरे चार हवीत. साध्या डिक्शनरीने मात्र [हळद, हळद] आणि [बेदाणा, बेदाणा] एवढीच येतात. करीत आर्ग्युमेंटमधली निवड एकदाच होते आणि ते जिथे जिथे वापरले तिथे तीच लागू पडते. इथे डिक्शनरी हेच आर्ग्युमेंट आहे. पहिल्या वापरात खान्यातून हळद निघाली की दुसऱ्यातही हळदच. ‘जोडी’ फक्त मालापुरती लिहिली तर चारही उत्तरे मिळतात. कसलीही एरर न येता उत्तरे गळतात, म्हणून हा दोष फार घातक.

उपाय छोटा आहे: खान्यात मूल्याऐवजी () हे रिकामे आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन ठेवायचे. प्रत्येक वापरात ते नव्याने चालते, निवडही नव्याने होते. किंमत अशी, की एकच उत्तर असलेले महागडे स्थिरपदही (आर्ग्युमेंट नसलेले पद) दर वेळी पुन्हा मोजावे लागते. ही तजवीज कुठे लागेल ते इन्स्टन्स पाहून ठरवता येत नाही, कारण क्लासचे मॉड्यूल आधी कंपाइल होते आणि इन्स्टन्स नंतर कुठल्याही मॉड्यूलमध्ये येऊ शकतात. नुसता टाइप पाहूनही भागत नाही: फंक्शन-टाइपची मेथडसुद्धा ‘फ ? ग’ अशी, म्हणजे दोन फंक्शनांपैकी एक, आर्ग्युमेंट न घेता, लिहिलेली असू शकते.

उलट चूक ‘लेट’मध्ये, म्हणजे एखादे पद स्थानिक नावाला बांधताना, होते. ‘क्ष = कोणताही’ असे बांधून [क्ष, क्ष] मागितले तर उत्तरे दोनच यायला हवीत, कारण इथे निवड खरोखरच सामाईक आहे. टाइप तपासणीने क्षचा टाइप क्लासच्या अटीसह सामान्य, म्हणजे अट पाळणाऱ्या कुठल्याही टाइपला चालणारा, केला, तर क्ष डिक्शनरी घेणारे फंक्शन बनतो आणि उत्तरे चार होतात. म्हणून आर्ग्युमेंट नसलेले असे स्थानिक नाव एकाच टाइपला बांधून ठेवावे लागते.